कोळंबीचं टरफल आणि आईचा पाय

आमच्या बदरीअण्णाला कुंभकोणमात ‘वेळ्ळि रायर’ म्हणतात. वेळ्ळि म्हणजे चांदी, आणि रायर म्हणजे आम्ही, मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेली आणि मग परत जायचं राहून गेलेली मराठी घरं. हे नाव त्याला कॉलेजातल्या कुणीतरी थट्टेनं ठेवलं होतं. अण्णानं ती पदवी समजून स्वीकारली. आता कुणी नुसतं ‘सार’, म्हणजे सर, म्हटलं तर त्याला जरा कमी वाटतं.

माणूस दिसायला देखणा. कपाळावर आणि कानशिलांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. एका खासगी कॉलेजात तो जीवतंत्रज्ञान शिकवतो. संध्याकाळी घरात शिरताना चेहरा असा, की नुकतंच जग वाचवून आलोय आणि आता कॉफी वेळेवर मिळाली नाही तर ते परत बुडवीन. मी त्याची धाकटी बहीण सुप्रजा. मला दारासुरमला दिलेलं. टाऊन बसमध्ये बसले की डुलकी लागायच्या आत माहेर येतं, त्यामुळे हे अवतारकार्य मला फार जवळून बघावं लागलं.

त्याचं काम खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. खोटा होता तो अण्णा. जुन्या जखमेतले जंतू आता जुन्या अँटिबायोटिकला भीक घालत नाहीत. जखमेवर ते बुळबुळीत साय धरतात आणि तिच्याखाली निवांत बसतात. औषध वरच्यावर वाहून जातं. अण्णाच्या विद्यार्थ्यांनी हेच जुनं औषध इतक्या बारीक कणांत भरलं, की केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी बसावेत. कणांत थोडी चांदी, जंतूंच्या भिंतीला भोकं पाडायला. वरून एक पातळ लेप, जंतूंना चिकटून राहायला. काचेच्या बशीत हे मिश्रण पडलं, की जे जंतू औषधाला हसत होते ते मरायचे. तंजावूरच्या एका इस्पितळानं त्याचं मलम करून, रीतसर परवानगी काढून, मधुमेह्यांच्या पायांवर लावून बघायला सुरुवातही केली होती.

घरी अण्णा हे सगळं दोन शब्दांत सांगायचा, तुळस आणि चांदी. कारण चांदीचे कण करताना त्यात तुळशीचा अर्क पडायचा. “आपले पूर्वज चांदीच्या पंचपात्रींतलें तीर्थ उगीच घेत नव्हते,” असं म्हणून तो डोळे मिटायचा. गोविंदपुरमच्या विठ्ठल-रखुमाईपुढे भजन झाल्यावर मंडळींना त्याचं हे पाच मिनिटांचं प्रवचन ठरलेलं. म्हातारे माना डोलवायचे. आई पहिल्या रांगेत बसायची आणि माझ्याकडे बघून हळूच जांभई द्यायची.

तो तिसरी वस्तू कधीच सांगायचा नाही. तो चिकट लेप कोळंबीच्या टरफलांचा होता. टरफलं सुकवून, आम्लात आणि क्षारात उकळून जी पांढरी पूड निघते, तिचा. कॉलेजात त्या पुडीची बरणी अण्णा स्वतः उघडत नसे. विद्यार्थी उघडत. हा लांब उभा राहून सूचना देई, आणि त्या दिवशी घरी आला की थेट न्हाणीघरात. भाषणात त्या वस्तूचं नाव ‘निसर्गात आढळणारी एक शर्करा’. ऐकणाऱ्याला वाटावं, गुळाबिळाचं काहीतरी असेल.

आणि घरात काय? जो माणूस व्यासपीठावर ‘औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका, जंतू शहाणे होतात’ म्हणून टेबल बडवायचा, त्याच्याच घरी देवघराच्या फडताळात उरलेल्या गोळ्यांचा डबा होता. ताप उतरला की पुढच्या गोळ्या डब्यात. कुणाला खोकला झाला की डब्यातून दोन काढून तळहातावर, तीर्थ द्यावं तशा. आईला तर वर्षानुवर्षं मिळत आल्या. तिच्या अंगातले जंतू अण्णाच्या हातूनच शिकून मोठे झाले असणार. त्याचा एवढा एकच विद्यार्थीवर्ग खऱ्या अर्थानं तयार झाला.

आता आई. मीनाक्षीबाई. बाबा गेल्यापासून बोलणं कमी, पण जे बोलायची ते लागायचं. मडी म्हणजे आमचं सोवळं. ते ती पाळायची, पण त्याचा गाजावाजा नाही. रेशमी लुगडं नेसून नैवेद्याचा स्वयंपाक, आणि मग दिवसभर साधी सुती साडी. मधुमेह जुना. पायांना मुंग्या येऊन येऊन शेवटी तळव्यांची जाणीवच गेली होती. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण प्रदक्षिणा बंद केल्या असत्या.

चैत्रातल्या एका दुपारी ती शार्ङ्गपाणीच्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालून आली. त्या दगडांवर त्या वेळी पोरं उड्या मारत पळतात. ही शांतपणे चालत आली. संध्याकाळी प्रीतिवैनीनं फरशीवर ओले डाग बघितले आणि आईचा पाय उचलून पाहिला, तर उजव्या तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. आई म्हणाली, “मला कांहीं कळलेंच नाहीं ग.”

अण्णानं पाय पाहिला, डबा उघडला.

डब्यानं जे व्हायचं तेच झालं. जखम आत गेली, तिला वास यायला लागला. कुंभकोणमच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. जी औषधं चालायला हवीत त्यांतलं एकही चालत नव्हतं. जी एक-दोन उरली होती ती आईच्या मूत्रपिंडांना झेपण्यासारखी नव्हती. रोजचं ड्रेसिंग वैनी करायची, तोंडाला पदर बांधून, एक शब्द न बोलता. अण्णा दारात उभा राहून जंतूंची लॅटिन नावं सांगायचा.

मी त्याला सरळ विचारलं, “अण्णा, तुझें तें मलम आईला लावायला काय झालें? जगाला सांगत फिरतोस.”

“तें अजून माणसांना द्यायचें नव्हे, सुप्रजा. तुला त्यांतलें काय कळतें?”

धडधडीत खोटं. तंजावूरला माणसंच झोपली होती त्या खाटांवर, बेडूक नव्हेत. पुढचं मला नंतर त्या इस्पितळातल्या डॉक्टर चंद्रमौलींकडून कळलं, पण इथंच सांगते. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः अण्णाला फोन केला होता. आईचा रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोचला होता. ते म्हणाले, असाच जंतू, अशीच जखम, आम्ही घेतोय, घेऊन या. हमी नाही, पण काही पाय वाचताना दिसतायत. आणि आमच्या चांदीच्या रायरनं काय उत्तर दिलं? “माझी आई फार कडक आचाराची आहे. त्यात कोळंबी आहे हे कळलं तर ती अन्न सोडेल. ती नाही म्हणाली आहे.”

ती नाही म्हणाली आहे! आई तेव्हा आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून वैनीला रस्सम कसं बिघडलंय ते सांगत होती. तिला विचारायला दहा पावलंसुद्धा चालावं लागलं नसतं.

त्याला आईच्या आचाराची भीती नव्हती. गोविंदपुरमच्या म्हाताऱ्यांची होती. तुळस-चांदीचा महिमा गाणाऱ्याच्या घरात, त्याच्याच आईच्या पायाला कोळंबीचं टरफल! ही बातमी भजनापेक्षा मोठ्यानं गाजली असती, आणि ते त्याला सहन होणार नव्हतं.

बरं, नुसता गप्प बसला असता तरी एक वेळ समजून घेतलं असतं. पण नाही. त्यानं सात्त्विक कण करायचं मनावर घेतलं. टरफलाच्या जागी सब्जाच्या बियांचा गर. हो, तोच सब्जा, सरबतात टाकतात तो. तुळशीच्या जातीचा म्हणून अण्णा हरखून गेला. विद्यार्थी बिचारे चेपून चेपून गर गाळत बसले. लेप काही चिकटेना. कण गोळा होऊन तळाशी बसत. बशीतले जंतू जसेच्या तसे, उलट जरा बाळसं धरलेले. मला वाटतं त्यांना सरबत आवडलं असावं. रोज संध्याकाळी अण्णा सांगायचा, “झालेंच आतां, एकच अडचण आहे.” इकडे आईची बोटं काळी पडत चालली होती.

शेवटी ताप डोक्यात गेला. तंजावूरला नेलं. तोवर मलम लावायची वेळ कधीच गेली होती. गुडघ्याखाली पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर आईनं पांघरूण चाचपलं. ज्या जागी पाय असायला हवा होता तिथं पांघरूण सपाट होतं. तिनं हात तिथंच ठेवला आणि मला म्हणाली, “आतां प्रदक्षिणा कसली घालायची, सुप्रजा.” मी रडले, भरपूर रडले. बाहेर व्हरांड्यात अण्णा फोनवर नातेवाइकांना शस्त्रक्रियेची माहिती देत होता. त्याचा आवाज अगदी स्थिर होता.

हे इथं संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती. घरोघरी असे अण्णा असतात, म्हणून सोडून दिलं असतं. पण अण्णाला पश्चात्ताप होण्याऐवजी विषय सापडला. आधी एका मामेभावाला, मग शेजाऱ्यांना, मग कॉलेजात, तो सांगू लागला, की औषध हाताशी होतं, स्वतःचं होतं, पण त्यात जलचराचा अंश होता, आणि आई म्हणाली, पाय जाऊ दे, आचार राहू दे. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. शेवटी शेवटी आई हे म्हणताना हातात तुळशीची माळ होती आणि बाहेर पाऊस पडत होता.

ही कथा आमच्यापर्यंत आली नाही. आई घरातच, मी दारासुरमला, आणि वैनीला कोण सांगतो? गोविंदपुरमपर्यंत मात्र पोचली. भजन मंडळीचे अध्यक्ष शामसुंदर राव गहिवरले. आई आणि मुलगा, दोघांचा सत्कार ठरला. आईला एवढंच सांगितलं, की विठ्ठलाचं दर्शन आहे, खूप दिवसांत झालं नाही. ती आनंदानं तयार झाली. चाकाच्या खुर्चीत बसताना तिनं वैनीकडून आपली ठेवणीतली साडी नेसवून घेतली.

सभामंडप भरलेला. आईची खुर्ची पुढे. बायका रांगेनं येऊन तिच्या पायाला, म्हणजे जो उरला होता त्याला, हात लावून नमस्कार करू लागल्या. आई चकित. मला कानात म्हणाली, “ह्या अस्क्यांना काय झालें आज?” सगळ्यांना काय झालंय ते मलाही कळेना.

मग शामसुंदर रावांनी जरीकाठी रेशमी शाल आईच्या खांद्यावर घातली आणि अण्णानं माइक धरला. अर्धं आमच्या मराठीत, अर्धं तमिळमध्ये, मधूनच गळा दाटून आणत. “औषध माझेंच होतें. पण त्यांत इराल होता. कोळंबी! मी आईला म्हणट्लों, आई, पाय वाचेल. आईनें काय सांगट्लें ठाऊक आहे? पाय जाऊं दे बदरी, आचार राहूं दे!” लोक डोळे पुसायला लागले. पुढे बसलेले एक आजोबा तर हुंदके द्यायला लागले.

आईनं माझा दंड धरला. बोटं रुतली. “हें कोणीं म्हणट्लें?”

“तूं म्हणट्लीस म्हणतो.”

“कधीं?”

माझ्या डोक्यात तेव्हा एकेक गोष्ट जुळत होती. मी उठून त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावणार होते. पण शामसुंदर रावांनीच तो काढून घेतला आणि आईपुढे धरला. आईंनी दोन शब्द बोलावेत, म्हणाले.

आई आयुष्यात कधी माइकमध्ये बोललेली नव्हती. आधी तिनं तो तोंडाला लावला, मग लांब धरला. खांद्यावरची शाल बोटांनी चोळून पाहिली.

“हें पट्टू नव्हे कां? चांगलें आहे,” ती म्हणाली. “होसूरला आम्ही होतों, तेव्हां शेजारीं रेशमाचे कोश उकळत असत. आंत किडे जिवंत. तो वास मला अजून आठवतो. तेंच नेसून मी देवाचा स्वयंपाक केला, लग्न झाल्यापासून. बदरी कधीं म्हणट्ला नाहीं, आई, नक्को, किडे मेले.”

पुढच्या रांगेतल्या बायका आपापले रेशमी पदर चाचपू लागल्या.

“तें औषध मला मिळण्यासारखें होतें, हें मला आत्तां इथें कळलें. मला कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर मी काय म्हणट्लें असतें, तें मला ठाऊक नाहीं. नक्कोही म्हणट्लें असतें. पण तें माझें नक्को असतें.” मग तिनं माइक माझ्या मांडीवर ठेवला. “चल. देवाला बघून घरीं जाऊं.”

आता तुम्हाला वाटेल, अण्णा तिथंच कोसळला. छे! त्यानं माझ्या मांडीवरून माइक उचलला आणि हसून म्हणाला, “आई दमली आहे.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्या म्हाताऱ्यांना एका पायाची सती हवी होती, ती त्यांना मिळाली होती. बोलणारी बाई त्यांना नकोच होती. एक बाई तर मला बाहेर सांगून गेली, की औषधांनी म्हातारपणी असा परिणाम होतो बरं का. त्यानंतर पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, प्रसाद झाला, आणि सगळ्यांनी पोटभर खाल्ला.

घरी आल्यावर ती शाल आईनं वैनीला दिली आणि वैनीनं ती घडी करून अण्णाच्या टेबलावर, त्याच्या सन्मानचिन्हांच्या ओळीत ठेवली. वैनी एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तंजावूरला जाऊन डॉक्टर चंद्रमौलींना गाठलं, आणि तेव्हा तो फोन मला कळला. आईला कुणी विचारलंच नव्हतं, हे माझ्याकडून ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मी असं म्हणत नाही, की मलमानं पाय वाचलाच असता. डॉक्टरही म्हणत नाहीत. पण नसताही वाचला म्हणून अण्णा सुटत नाही. त्यानं आईचा पाय आपल्या कीर्तीसाठी वापरला, आधी तो जाऊ देऊन आणि मग गेल्याचं भांडवल करून. मला त्याची किळस येते. भाऊ आहे, तरी येते.

गेल्या महिन्यात आईच्या डाव्या टाचेला भेग पडली. वैनी रोज पाय तपासते म्हणून लगेच दिसली. पण कडा लाल, आणि पू आलाच. तपासणीत तोच जुना जंतू. आईनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, “तो तंजावूरचा डॉक्टर आहे नव्हे, त्याला ये म्हण.”

ते सकाळी आले. अण्णा पूजा आटोपून देवघरातून बाहेर येत होता, मडीत, रेशमी धोतर नेसून, हातात चांदीचं पळी-पंचपात्र. डॉक्टरांना बघून तो दारातच थबकला. डॉक्टरांनी खाटेशी बसून टाच पाहिली आणि ते तमिळमध्ये समजावायला लागले, मलम कसं लावतात, किती दिवस, आणि सवयीनं मान वर करून अण्णाकडे बघून म्हणाले, “सार, तुमचं काय म्हणणं आहे?”

“आई,” अण्णा घाईनं म्हणाला, “त्यांत इराल आहे—”

“डॉक्टर,” आई म्हणाली, “पाय इकडे आहे. मला विचारा.”

डॉक्टर ओशाळले. मग त्यांनी तिला विचारलं, अगदी पहिल्यापासून, कोळंबीच्या टरफलासकट. आईनं बरेच प्रश्न केले. जळजळ होते का, मध्ये देवाचं करता येईल का, नक्की वाचतो का. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, नक्की नाही. आईनं पाय उशीवर नीट टेकवला.

“लावा,” ती म्हणाली.

मग तिनं दाराकडे पाहिलं. “बदरी, तूं बाहेर उभा राहा. मडींत आहेस. शिवशील.”